पेठेत पाणी आलंय

बाईंनी माझी वही दोन बोटांनी उचलली, जणू तिच्यातनं पाणी गळत होतं. मी सहावीत. निबंधाचा विषय 'माझी पेठ'. चार पानं लिहिली होती, त्यातली तीन खोटी. पूर आला की मासे आमच्या चुलीपाशी आपणहून येतात आणि 'आधी मला तळ' म्हणून भांडतात, असंही एक वाक्य होतं. ते वाचून बाई हसल्या. माशांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांनी लाल पेन काढलं आणि शीर्षकातला एकच शब्द खोडला. पेठ.

"तुमची वस्ती. पेठ कमानीपासून वर. वस्ती लिही."

सहाशे पोरं हसली. बरं, साठ. मी शब्द बदलला. चार पानांत जिथं जिथं होता तिथं तिथं. आणि सगळे हसत होते म्हणून मीपण हसले. खोडलेलं विसरले असते. हसलेलं विसरता येत नाही.

कमान म्हणजे जुनी दगडी. तिच्या वर दुकानं, देऊळ, तालीम, दोनमजली घरं. तिच्या खाली उतार, कुंभारांच्या भट्ट्या, नदीवर निघालेल्या म्हशी, मग आमची चाळीस घरं, मग घाटाच्या पायऱ्या आणि पंचगंगा. म्हातारी माणसं सांगायची, कमानीआधी पायऱ्या झाल्या आणि पायऱ्यांआधी आमची घरं होती. माझं म्हणणं, आम्ही नदीच्याही आधीचे. नदी नंतर आमच्या दाराशी येऊन बसली आणि उठायचं विसरली.

संस्थानच्या काळापासून एक काम आमच्या घराकडं होतं. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या मोजायच्या आणि वर तोंड करून पेठेला ओरडून सांगायचं. दवंडीच ती. छप्पन्न साली आज्जानं धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायचं टाकलं, गावकीची सगळी कामं टाकली. ही एक दवंडी राहिली. माझे वडील, आबा, म्हणायचे, "ह्यात कसला कमीपणा? माणसं वाचत्यात."

आबांचा आवाज असा की इथं ओरडले की कागलच्या एसटी स्टँडवर लोक छत्र्या उघडायचे. दवंडीचे शब्द ठरलेले. आधी पायरीचा आकडा. मग, "पेठेत पाणी न्हाय." पाणी आमच्या घरात शिरलं तरी तेच. मी लहानपणी पाहिलंय, आबा स्वतःच्या दारात कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत, डोक्यावर पिठाचा डबा, आणि वर बघून ओरडताहेत, "पेठेत पाणी न्हाय." वर लोक निवांत चहा प्यायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. शब्दच तसे होते.

आबांचा घसा गेला तसं ते काम माझ्याकडं आलं. एरवी मी शिवणकाम करायची. तोवर थापाडी म्हणून माझं नाव झालं होतं. तालमीचे अध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, कट्ट्यावरनं हाक मारायचे, "ये गं, सोड एक." मग मी पुरात आमच्या बाजेवर झोपलेल्या मगरीची गोष्ट सांगायची. मगर घोरायची, हेसुद्धा. ते कट्ट्यावर बसलेले, मी खाली रस्त्यावर उभी. चहा मिळायचा. बसायला कुणी सांगायचं नाही. मीही कधी बसले नाही.

मग दोन हजार पाचचा पूर. दुसऱ्याच दिवशी मोजायला पायऱ्या उरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी घरात शिरलं. बघता बघता छातीला लागलं. आबा बुद्धाची तसबीर उराशी धरून पुढं गेले होते. आई तरंगत चाललेल्या शिलाई मशीनच्या झाकणामागं हात टाकत होती. वरनं, कमानीजवळच्या गच्चीतनं, अण्णांचा आवाज आला.

"पाणी कुठवर आलं गं?"

मी तोंड उघडलं. ठरलेले शब्द जिभेवर तयार होते. आईच्या हातातनं झाकण सुटलं, ती गचकन खाली गेली, वर आली, नाकातोंडातनं पाणी. मी तिचा दंड धरला आणि ओरडले.

"पेठेत पाणी आलंय."

वर जो गोंधळ उडाला तो काय सांगू. फ्रीज माळ्यावर चढले. एका घरात आधी सासू वर नेली की टीव्ही, यावर अजून भांडण आहे. एका आजोबांचा जिन्यात पाय मुरगळला. त्याचं वाईट वाटलं. आजही वाटतं. आणि पाणी कमानीच्या वीतभर खाली येऊन थांबलं.

दुपारी आमची चाळीसही घरं तालमीच्या हॉलमध्ये, कुस्तीच्या मॅटवर ओल्यानं बसलेली. बाहेर भाताचं पातेलं शिजून तयार होतं, पण वाढायला कुणी उठत नव्हतं. अण्णा आले. हातात माईक. मागं तालमीचे चौघे दारात उभे राहिले.

"म्हण, थाप मारली. लोक हसतील, इसरतील. तुझं काय, तू थापाडीच हायस."

अण्णांनी आवाज उतरवला. "हॉल तालमीचा हाय, एवढं ध्यानात ठेव."

सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. लहान पोरं पातेल्याकडं. आबांनी खरखरीत घशातनं कसंबसं म्हटलं, "म्हण की पोरी. एक शब्द तर हाय."

एकच शब्द. 'थाप' म्हटलं की पुन्हा खोडला जाणार होता 'पेठ', बाईंनी खोडला होता तोच. तेव्हा मी हसले होते.

मी माईक घेतला. आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच बोलतात. तशीच बोलले.

"थापा मी लई मारल्या, अण्णा. मगरीच्या, माशांच्या. तुम्ही ऐकल्या. पर सगळ्यात मोठी थाप, पेठेत पाणी न्हाय. ती आमच्या घरानं तीन पिढ्या मारली. ती तेवढी मागं घेतो. पेठेत पाणी आलंय. माझ्या घरात हाय. छातीएवढं."

कर्णा तालमीच्या माडीवर होता. सगळ्यांनी ऐकलं. अण्णांनी वायर ओढली.

पुढं चांगलं काही झालं नाही. संध्याकाळी आम्हाला लांबच्या एका शाळेत हलवलं. भात तिथंच राहिला. आमच्यातल्याच बायका म्हणाल्या, हिच्या तोंडापायी पोरं उपाशी झोपली. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर कमानीच्या पायथ्याशी रंगानं रेघ मारली गेली आणि खाली लिहिलं गेलं, 'पुराचे पाणी पेठेच्या वेशीपर्यंत'. वेशीपर्यंत. म्हणजे आम्ही नाहीच.

गाळ काढून झाल्यावर मी छिन्नी घेतली आणि माझ्या घराच्या दर्शनी भिंतीत, छातीच्या उंचीला, रेघ कोरली. रंगाची नाही. खाली एकच शब्द कोरला. पेठ.

आता बंधाऱ्यावर पाणी किती फूट, ते वरच्या लोकांना फोनवर कळतं. मला कुणी विचारत नाही. तरी उंबऱ्याला पहिलं पाणी लागलं की मी दारात उभी राहते, कमानीकडं तोंड करते आणि ओरडते. माशांच्या थापा मी सोडलेल्या नाहीत, मगर तर आता बाजेवर उशीही मागते. पण ह्या एका वाक्यात मी पदरचं काही घालणार नाही. आणि त्यातला एक शब्द कुणाला खोडू देणार नाही.