आबांच्या पत्रातला एक शब्द

माझे आजोबा लेखक होते. कोल्हापूरच्या खाली, सीमेला टेकलेल्या एका गावात ते जन्मले, तिथंच लिहीत राहिले आणि तिथंच गेले. त्यांच्यावर लिहिणारे त्यांना ‘दक्षिणेचा लेखक’ म्हणतात, आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्या कादंबऱ्या अजून छापल्या जातात, उतारे पाठ्यपुस्तकांत येतात. मी त्यांचा नातू, आणि त्यांचा एक शब्द मी बदलला. पुढचं सगळं त्या शब्दाबद्दलच आहे.

मी वाढलो जयपुरात. बाबा फौजेत होते, शेवटची बदली इथली, मग इथंच घर बांधलं. घरात कोल्हापूरकडची मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. देवनागरी मी शिकलो तीही हिंदीच्या तासाला. आठ-नऊ वर्षांचा असताना आबांना पत्र लिहिलं होतं, ‘माझी शिक्षा नीट चालू आहे.’ उलट टपाली कार्ड आलं, ‘गुन्हा कोणता केलास ते कळव, वकील बघतो.’ ते कार्ड घरभर फिरलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, हे मला तेव्हा कळलं ते कायमचं. त्यानंतर मराठी लिहिताना मी ताकसुद्धा फुंकून प्यायला लागलो.

आत्या ही आबांची मुलगी, बाबांची धाकटी बहीण. आबांनी तिला शेतकी कॉलेजात घातलं, मग तिचं लग्न ठरवलं. तिनं ते मोडलं आणि जयपुरातल्याच दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन केंद्रात नोकरी धरली. बाजरीच्या वाणांवर काम करायची. भाऊ याच गावात आहे, एवढाच काय तो आधार. आबा ओरडले नाहीत, दार लावून घेतलं नाही. तिला लिहायचं तेवढं बंद केलं. बाबांना पत्र यायचं, आईला यायचं, मला यायचं. आत्याला अकरा वर्षांत, म्हणजे आबा जाईपर्यंत, एकही नाही. आमच्याकडं आलेली पत्रं ती रविवारी येऊन वाचायची, घडी घालून परत द्यायची आणि म्हणायची, “अक्षर थरथरतंय आबांचं.” बास.

निवृत्त झाल्यावर तिनं ठरवलं, आबांच्या घरच्या पत्रांचं पुस्तक करायचं. लोकांना कादंबऱ्या माहीत आहेत, माणूस माहीत नाही, असं तिचं म्हणणं. चुलत-मामेभावंडांच्या मागं लागून तिनं पत्रं गोळा केली. निम्मं काम झालं आणि तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधोमध काळा डाग. कडेचं दिसतं, समोर धरलेलं दिसत नाही. मग मी बँकेतली नोकरी सांभाळून रात्री-सकाळी पत्रं टाइप करायला लागलो आणि दर रविवारी दुर्गापुऱ्याला जाऊन तिला वाचून दाखवायला लागलो. पत्रं संपली की ती आबांची एखादी कादंबरी काढायला लावायची. मी वाचताना अडखळलो की पुढचं वाक्य ती तोंडपाठ म्हणायची.

त्या पुस्तकात संपादकाच्या, म्हणजे आत्याच्या, नावचं एकही पत्र नव्हतं. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आमच्या घरात लिहितात, बोलत नाहीत.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या फौजी ट्रंकेत पेन्शनच्या कागदांखाली आबांचं एक आंतर्देशीय पत्र सापडलं. अगदी शेवटच्या दिवसांतलं, बाबांना लिहिलेलं. पाऊसपाणी, गुडघेदुखी, आणि मग खाली चार ओळी. त्या मी अशा टाइप केल्या: ‘ती आता तिकडंच राहणार असं दिसतं. तिला दिलेल्या शिक्षणाचा मला पश्चात्ताप होतो. पण हे तिला सांगू नकोस.’

मूळ पत्रात ‘शिक्षेचा’ होतं.

हे कसं झालं ते मी स्वतःलाच पुष्कळदा विचारलंय. शाई फिकी होती, पण अक्षर लागत नव्हतं असं नाही. मी ‘शिक्षेचा’ वाचलं, डोक्यात शाळा आली, आणि हातानं सवयीनं त्याचं चांगलं मराठी केलं. चूक अज्ञानातून झाली असती तर बरं वाटलं असतं. ती खबरदारीतून झाली. आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. ते वाक्य मला खटकलं नाही, कारण पोरीला एवढं शिकवलं म्हणूनच ती हातची गेली, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

रविवारी ते पत्र आत्याला वाचून दाखवलं.

“हे घ्यायचं का?” मी विचारलं.

“घ्यायचं म्हणजे? लेखकाचं वाक्य कापायचं नसतं. जसं आहे तसं जाऊ दे.” मग म्हणाली, “प्रस्तावना मात्र तू लिही. मला नाही जमायची.”

त्या दिवशी मी कादंबरी काढली तर म्हणाली, “नको आज. पेपर वाच.” पुढच्या रविवारीही पेपरच. मी तिला जयपुरातल्या पाणीपुरवठ्याच्या आणि मेट्रोच्या बातम्या हिंदीतून वाचून दाखवायला लागलो. आबा त्या घरातून गेले ते गेलेच.

पुस्तक निघालं. गावाकडं समारंभ झाला. आत्याला प्रवास झेपणार नव्हता, मी गेलो. ‘परप्रांतात राहून मराठी जपणारा नातू’ म्हणून माझा सत्कार झाला. शाल अजून कपाटात आहे. परत आलो आणि मूळ पत्रं गावाकडच्या ग्रंथालयाला द्यायची म्हणून सी-स्कीममधल्या आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत एकेक स्कॅन करत बसलो. ते आंतर्देशीय पडद्यावर मोठं होऊन आलं. शिक्षेचा. त्यात ‘ण’ कुठंच नव्हता. मी ते पान चार वेळा मोठं केलं, जणू मोठं केल्यावर निघेल. बाकीची पत्रं ग्रंथालयाला गेली, ते मात्र माझ्याजवळच राहिलं.

त्याच संध्याकाळी दुर्गापुऱ्याला जायला हवं होतं. गेलो नाही. रविवारी गेलो, म्हटलं आज सांगू. तिनं पोहे केले होते, अंदाजानं, चटका खाऊन. सांगितलं नाही. असे किती रविवार गेले ते मोजत नाही. दोन वर्षं झाली. सुरुवातीला वाटायचं, हिला धक्का बसेल. नंतर वाटायचं, आता सांगितलं तर ‘इतके दिवस का नाही’ हे आधी सांगावं लागेल. खरं म्हणजे मला ती शाल परत द्यायची नव्हती.

गेल्या हिवाळ्यात प्रकाशकांचा फोन आला, दुसरी आवृत्ती काढतोय, दुरुस्त्या असतील तर पाठवा. मला हायसं वाटलं. गुपचूप शब्द बदलायचा, कुणाला पत्ता लागायचा नाही. आत्याला फक्त आवृत्तीची बातमी दिली.

ती म्हणाली, “मग एक कर. ते शेवटचं पत्र काढून टाक.”

“तूच म्हणाली होतीस, लेखकाचं…”

“म्हणाले होते. आता म्हातारी झाले. एवढी सूट दे की मला.”

मी “बरं” म्हणालो. आणि खरंच, घरी येईपर्यंत मला ते बरंच वाटत होतं. पत्र गेलं की चूकही गेली. दोन दिवसांनी लक्षात आलं की आबांनी तिच्यासाठी आयुष्यात एकच ओळ लिहिली होती, आणि ती मी आधी उलटी केली आणि आता पुसायला निघालो होतो.

रविवारपर्यंत थांबलो नाही. रजा टाकून सकाळीच गेलो. ती अंगणात उन्हात बसून मटार सोलत होती.

“आज कसा रे? बँक बुडाली काय?”

“आत्या, ते पत्र काढायचं नाही.”

“का? तुझी प्रस्तावना बिघडते?”

“त्यात शिक्षणाचा असं नाहीये. शिक्षेचा आहे. मतलब… दंड. मी चुकीचं टाइप केलं.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “वाच.”

मी मूळ पत्र वाचलं. तिला दिलेल्या शिक्षेचा मला पश्चात्ताप होतो.

“परत.”

परत वाचलं.

“कधी कळलं तुला?”

“पुस्तक आल्यावर. दोन वर्षं झाली.”

“दर रविवारी येत होतास की.”

“हो.”

“पोहे खाऊन जात होतास.”

“हो.”

तिनं शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. “आबांनी न लिहून मारलं, तुझ्या बापानं ट्रंकेत ठेवून, तू शुद्ध मराठी लिहून. घराणं मोठं आहे आपलं.” आवाज चढला नव्हता. मी माफी मागितली. ती म्हणाली, “मला नको सांगूस. पुस्तकात सांग.”

दुसऱ्या आवृत्तीला तिनं टीप सांगितली, मी उतरवून घेतली. ‘या पत्रातला मूळ शब्द शिक्षा असा आहे. पहिल्या आवृत्तीत तो माझ्या भाच्यानं बदलला आणि कळल्यावरही दोन वर्षं मला सांगितलं नाही.’ प्रकाशक म्हणाले, “शेवटचं जरा खाजगी होतंय, मुद्रणदोष म्हणूया का?” मी म्हणालो, छापणाऱ्याचा काही दोष नव्हता. टीप तशीच गेली.

तिनं मला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. मी दर रविवारी जातो. परवा तिनं ते पत्र पुन्हा वाचायला लावलं, पत्त्यापासून सहीपर्यंत. पाऊस, गुडघे, मग त्या ओळी. मान थोडी कलती करून ऐकत होती.

“माझं नाव आहे का रे त्यात?”

तिला दिसत नाही. पत्र माझ्या हातात होतं, नाव घालून वाचलं असतं तर कुणी पकडणार नव्हतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“नाही,” मी म्हणालो. “‘ती’ असंच लिहिलंय.”

“हं,” ती म्हणाली. “तेच वाच परत.”