सुंदरमावशीचा चेहरा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते माझं मलाही नीट कळत नाही.

मी गंगाखेडला राहते आणि मासिकांसाठी, पुरवण्यांसाठी कथाचित्रं काढते. माणसांचे चेहरे बघायची मला वाईट खोड — एसटीत समोरच्या बाईकडे इतकी टक लावून बघते, की ती बिचारी पदर सावरते. हिचं नाक असंच का, हसताना एकच गाल का हलतो — असं काहीबाही मला छळत राहतं. आणि आमच्या धंद्यात पूर्ण कथा आधी कोण पाठवतं? संपादकांचा फोन येतो, दोन ओळी सांगतात आणि चित्र परवा हवं म्हणतात.

तसाच एक फोन आला. खेड्यातली एकटी बाई, दारात बसलेली. चेहरा लक्षात राहिला पाहिजे. मला लगेच सुंदरमावशी आठवली. राणीसावरगावला माझ्या आईच्या शेजारी राहते, एकटीच. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली, हनुवटीवर गोंदण. काढलं. इतकं जमलं, की माझी मीच खूश.

चित्र पाठवल्यावर कथा आली. त्यातली बाई गावावर भानामती करणारी होती.

छापायला अजून वेळ होता. पापणी सरळ करायची, गोंदण पुसायचं — टॅबवर किती वेळ लागतो हो त्याला? चहा गार व्हायच्या आत झालं असतं. पण मग चित्रात उरलं काय असतं? एवढं चांगलं चित्र कशाला बिघडवू, असंच मनात आलं. आणि खरं सांगू — लोक तिला ओळखतात का, हेही मला बघायचं होतं.

ओळखलं. कुणीतरी पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. बायका तिच्या हातचं ताक घेईनात, लेकरांना तिच्या दारावरून जाऊ देईनात. मी आईकडे गेले तेव्हा मावशी आली आणि आईच्या मोबाइलवरचं ते पान माझ्यापुढं धरलं.

“ही मी हाय का गं बाई?”

“न्हाई मावशी. मनानंच काढलंय.”

“मंग झालं,” ती म्हणाली. “सांगते समद्यांला. काढणारीच न्हाई म्हणायलीय म्हणून.”

आणि तिनं खरंच घरोघर जाऊन सांगितलं, माझं नाव घेऊन. कुणाला पटलं असेल? आई म्हणते, आता ती कुणाकडं जात नाही.

पण एवढंच असतं तर — नाही, अजून आहे. ती विचारत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. खोटं बोलतानाही बघत होते. भ्यालेल्या माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. किती नवल वाटलं मला! घरी येऊन तो चेहरा काढला. पुढं एका कथासंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी विचारणा झाली, तेव्हा तोच पाठवला. पुस्तक आलं, चित्राचं कौतुक झालं, गावातही कुणी ना कुणी ते बघितलंच.

पाठवताना मला सगळं माहीत होतं.