समोरच्या बाईंची कॉफी

समोरच्या घरातून कॉफीचा वास आला की मला उकडलेल्या तुरीच्या शेंगा आठवतात. मावशी नेरहून पहिल्यांदाच माझ्याकडे बंगळुरूला आली, ती शेंगांची पिशवी घेऊनच. आमच्या मजल्यावर तमिळ, मल्याळी, बंगाली अशी घरं. कुणाच्याच दारात मी कधी उभा राहिलो नव्हतो. मावशीनं शेंगा मीठ घालून उकडल्या, डबा भरला आणि म्हणाली, "समोरच्या बाईले नेऊन दे. गावाहून आलेलं एकट्यानं खातेत का?" मला लाज वाटली. डबा घेऊन मी खाली गेलो आणि शेंगा कचऱ्यात टाकल्या. पण आमच्याकडे डबा रिकामा परत येत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफीची पूड घेऊन त्यात भरली. डबा उघडताच मावशी हरखली. "पाह्य बरं! बोली अलग, पण रीत आपलीच हाये." नेरला जाऊन तिनं ती कॉफी गल्लीभर चमचा-चमचा वाटली. तेव्हापासून दर हिवाळ्यात तिच्या दोन पिशव्या येतात. लाल दोरा बांधलेली समोरच्या बाईंची. यंदाचीही ओट्यावर पडली आहे. समोरचं दार मी अजून वाजवलेलं नाही.