दोन सरळ अक्षरं

बाळ अकरा दिवसांचं झालं तरी त्याला नाव नव्हतं. म्हणजे अर्धं होतं. सेलिया हे पोर्तुगीज नाव आईबापांनी कधीचं ठरवलं होतं; दुसरं, जपानी नाव आजोबांनी द्यायचं, ही ब्राझीलमधल्या त्या अंड्यांच्या गावात राहणाऱ्या जपानी घरांची रीत. आणि नोंदणीची मुदत चार दिवसांवर आली तरी आजोबा गप्प होते.

तोकुनागा म्हातारा नात बघायला आला नव्हता. मुलीच्या लग्नालाही आला नव्हता. "गाइजिनशी लग्न!" एवढंच म्हणाला होता. ब्राझीलमध्येच जन्मून, तिथल्याच मातीत साठ वर्षं कोंबड्या पाळून, तो तिथल्या माणसांना गाइजिन म्हणायचा, म्हणजे परके. जावई तर काळा. तो दुप्पट परका.

त्याची मुलगी दोन नावांची. बाहेर नाईर, घरात सुमिए. चौदा वर्षं ती अंडी दिव्यासमोर धरून आतले डाग शोधायचं काम करत होती. माणसांकडेही ती तशीच बघायला लागली होती.

बाराव्या दिवशी शेजारच्या हात्सुएकाकू लाल दाण्यांचा भात घेऊन आल्या. डब्यावर एक पाकीट होतं. "तुझ्या बाबांनी दिलंय. मी काही विचारलं नाही हं." आत पेन्सिलनं काढलेली दोन अक्षरं.

"आकी," नाईरनं वाचलं.

तिचा नवरा अडेनिल्सन हसतच सुटला. "आकी? म्हणजे आपल्या पोर्तुगीजमधलं 'इथे'? अगं, शाळेत बाई हजेरी घेणार, 'आकी?' आणि ही ओरडणार, 'आकी!' तुझ्या बापाला विनोद करता येतो तर."

नाईर हसली नाही. ती अक्षरं ती ओळखत होती. सरळ, टोकदार, जपानीत परक्या शब्दांसाठी वेगळी राखलेली. पाव, बिअर, टॅक्सी त्यांत लिहितात. आणि परक्यांची नावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला घेऊन ती माहेरी गेली. म्हातारा चटईवर बसून रोजच्यासारखा जपानी पेपर वाचत होता. तिनं कागद त्याच्यापुढे टाकला.

"हे काय, बाबा?"

"नाव."

"परक्यांच्या अक्षरांत? माझं नाव तिथे आईच्या फोटोशेजारी लावलंय, ब्रशनं लिहिलेलं, चांगल्या चित्राक्षरांत. तेहतीस वर्षं बघतेय मी. आणि माझ्या मुलीला बिअरच्या बाटलीवरची अक्षरं! ही आमची नाही, असं तोंडावर सांगायचं होतं तुम्हाला."

"हळू बोल. पोर उठेल."

"उठू दे. तिलाही कळू दे."

म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली. मग पुन्हा उलगडली.

"सरकारनं आमची जपानी शाळा बंद केली तेव्हा मी पहिलीत होतो. तेव्हा पहिलीत हीच अक्षरं आधी शिकवायचे. पुढचं शिकवायला मास्तर उरले नाहीत."

"पण तुम्ही तर रोज पेपर..."

"बघतो." त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचता येतं. कुणी परका मंत्री आहे. हे एक गाव, जर्मनीतलं असेल. बाकी सगळं काळं."

नाईरच्या हातातलं बाळ एकाएकी जड झालं. जन्मभर गाइजिन गाइजिन करणाऱ्या या माणसाला पेपरात फक्त गाइजिनच भेटत होते.

"मग माझं नाव कुणी लिहिलं?"

"तुझ्या आईनं. तिच्या घरी पुस्तकं होती. तू झालीस तेव्हा मी मान हलवली, बस." तो भिंतीकडे बघत राहिला. "काय लिहिलंय ते मला अजून वाचता येत नाही, सुमिए. हिचं येतं."

हे खरं, की अंगाशी आलं म्हणून शोधलेली पळवाट? नाईर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, पण त्यामागे धरायला दिवा नव्हता. बाळ उठलं, रडायला लागलं. म्हाताऱ्यानं हात पुढे केले नाहीत. अंग चोरून तो थोडा बाजूला सरकला आणि मोकळ्या झालेल्या चटईवर तळवा टेकवून म्हणाला,

"आकी."

ते नाव होतं, की जागा दाखवणं? नाईर बाळाला छातीशी धरून उभीच राहिली.