साहेब येतो म्हणाले होते

आत्याला मी एकदा फोनवर म्हणालो, "रविवारी जेवायला येतो," आणि साफ विसरून गेलो. रविवारी संध्याकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला, तेव्हा मी सासुरवाडीचं मटण पचवत आडवा पडलो होतो. "बाई अजून जेवली न्हाय की हो! तुम्ही येणार म्हणून भाकऱ्या झाकून बसलीय." मी धडपडत आत्याला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "येतो म्हणलास म्हणून थांबले. त्यात काय एवढं?" रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

येतो म्हणून कुणी सांगितलं की आत्या दाराला कडी घालत नसे, हे गावाला ठाऊक होतं. भूम तालुक्यातल्या त्या गावात तिची खव्याची भट्टी होती. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर तिनं ती एकटीनं उभी केलेली. मुलगा ट्रकवर असायचा. सून सुनीता दूध मोजून घ्यायची आणि आत्या कढईवर उभी राहायची. दूध आटायला लागलं की तिचा हात उलथन्यावरून हलत नसे. मी बोलायला गेलो तर पाठमोरीच बोलायची. तुळजापूरच्या दोन पेढेवाल्यांना तिचाच खवा लागायचा, आणि त्यावरच ते घर चालायचं.

मग खाण्याच्या धंद्याचे परवाने देणाऱ्या खात्याचे एक साहेब भट्टी तपासायला आले. छताला काजळी, खिडकीला जाळी नाही. "हे सगळं करून घ्या, मी पुन्हा येऊन बघतो," असं सांगून, चहा पिऊन गेले. पाठोपाठ टपालानं परवाना रद्द झाल्याचा हुकूम आला. मी तो वाचून दाखवला, दाद मागायची मुदतही समजावली. माझ्या मते मी फार मुद्देसूद बोललो.

"कागद आधीच निघाला असंल," आत्या म्हणाली. "माणूस येतो म्हणून गेलाय. त्यांच्या माघारी फिर्याद करू? उद्या दारात आले तर कुठल्या तोंडानं चहा ठेवू?"

तिनं छताची काजळी खरवडली, भिंतींना फरशी बसवली, खिडकीला जाळी लावली. रोज सकाळी ती विझलेली भट्टी धुऊनपुसून ठेवायची आणि दूध डेअरीला घालायची. भाचीच्या लग्नालासुद्धा गेली नाही. "साहेब आले आन कुलूप दिसलं तर?" मुदत गेली, पावसाळा गेला. दसरा झाल्यावर पेढेवाल्यांनी निरोप धाडला, आता आम्हाला दुसरीकडं बघावं लागेल. तेव्हा कुठं मी चौकशी केली, तर साहेबांची केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात बदली झालेली.

"कळवायचं तरी," आत्या एवढंच म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. "चल कोर्टात."

संभाजीनगरला हायकोर्टातल्या वकीलसाहेबांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "मावशी, इतक्या उशिराला कारण द्यावं लागतं. आजारी होता म्हणून लिहू. डॉक्टरचा दाखला मिळेल."

मी लगेच मान डोलावली. आत्या ताडकन उठली. "आजारी? अहो, आजारी बाईच्या हातचा खवा कोण घेईल? परवाना मिळाला तरी धंदा बसला की माझा!"

वकील माझ्याकडं बघायला लागले आणि मी पंख्याकडं.

"मग काय लिहू?"

"साहेब येतो म्हणाले होते म्हणून थांबले. झालं तेच लिवा."

झालं तेच लिहिलं. न्यायमूर्तींनी विचारलं, साहेब येणार असल्याचं लेखी काही आहे का? नव्हतं. उशिराचं कारण पुरेसं नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. जिना उतरताना आत्यानं विचारलं, "भट्टीबद्दल काय म्हणाले?"

"काहीच नाही. गोष्ट भट्टीपर्यंत गेलीच नाही, उशिरावरच संपली."

"म्हणजे भट्टी घाण हाय असं कुणी म्हणालं न्हाय," आत्या म्हणाली, आणि मला रसवंतीवर घेऊन गेली. हरलेल्या माणसाबरोबर कसं वागावं याची मी मनात तयारी केली होती, ती वाया गेली.

नव्यानं परवाना मागा, असा वकिलांचा सल्ला होता. "तपासणीला कुणीतरी येईल, पण सांगून येणार नाही."

"हे लई बरं," आत्या म्हणाली. "न सांगता येणाऱ्याची वाट बघावी लागत न्हाय."

नवे साहेब खरंच न सांगता आले आणि परवाना मिळाला. पेढेवाल्यांपैकी मात्र एकच परत आला. आत्यानं मोठी कढई पालथी घातली आणि लहान कढई चढवली. तिच्यावर ती शेवटपर्यंत उभी राहिली. यंदाच्या उन्हाळ्यात गेली.

तेराव्याचं जेवण आटोपून आम्ही निघालो, तेव्हा सुनीता दारापर्यंत आली. आता कढईवर तीच उभी राहते. "आत्या न्हाईत म्हणून घर विसरू नका, भाऊजी," ती म्हणाली.

"विसरतो कसा? पुढच्या रविवारीच जेवायला येतो!" मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

गाव मागं पडल्यावर बायको म्हणाली, "पुढच्या रविवारी माझ्या भावाची वास्तुशांत आहे. गाडी थांबवा आणि आत्ताच तिला फोन करा. आत्यांच्या हाताखाली राहिलीय ती. भाकऱ्या झाकून बसेल."