आवाज पोचतोय, हात पोचत नाहीत

कारखान्यातल्या नोकरीसाठी घेतलेल्या टोकरखाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत नेट येतं ते घरमालकाच्या वरच्या मजल्यावरून. टेबलावरच्या जुन्या संगणकाला ते पकडता यावं म्हणून मी अंगठ्याएवढा वायफाय अडॅप्टर आणला होता. पहिल्या दिवसापासून त्याचं बिनसलेलं. दोन ओळींचा मेसेज झटकन जायचा, फोटो पाठवला की चाक फिरत बसायचं. दुकानात परत नेला तर दुकानदाराने आपल्या संगणकाला लावला, कुणाला तरी ‘हॅलो’ पाठवलं आणि गुजरातीत म्हणाला, “जुओ, चाले छे ने! हवे शुं?” चालतंय की, आता काय, म्हणे. चरफडत घरी आलो.

मग तो रविवार आला. धुळ्याला ताईला बघायला पाहुणे येणार होते. ताई माझ्याहून मोठी, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी आम्ही दोघांनी हातांनी बोलायची आमची आमची भाषा केली. आईला त्यातलं जेवण, झोप, पाहुणे एवढंच येतं. त्यामुळे घरात काही महत्त्वाचं ठरायचं असलं की मी लागतो. पण कारखान्यात रजा मिळाली नाही, आणि माझा मोबाईल दुरुस्तीला पडलेला. शेवटी असं ठरलं की मामाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावायचा, फोन ताईसमोर ठेवायचा, आणि पाहुणे बोलतील ते मी इथून तिला हातांनी सांगायचं. सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

कॉल लागला. मला सगळं दिसत होतं: निळी साडी नेसलेली ताई, पोह्यांच्या बशा, मुलगा, मुलाचे वडील. मी हात हलवून म्हटलं, छान दिसतेस. ताई नुसती बघत राहिली. मग तिने खूण केली, तू हलत का नाहीस?

“मामा, माझं चित्र अडकलंय तिकडे!”

“अरे आवाज येऊ राहिला ना भो,” मामा म्हणाला, “मग झालं की.”

आवाज कोणाला हवा होता? ज्या एका माणसासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच त्या आवाजाचा काही उपयोग नव्हता. मी कॅमेरा पुसला, अडॅप्टर काढून पुन्हा खोचला, कॉल तोडून परत लावला. तेच.

तेवढ्यात मुलाचे वडील बोलले. “एक सांगून ठेवतो. लग्नानंतर शिलाईकाम बंद. आमच्याकडे बायका बाहेर कामाला जात नाहीत.”

ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जाते. तिथल्या दोन मुलींना ती काम शिकवते. त्या कामाविषयी सांगताना तिचे हात थांबत नाहीत. मी जिवाच्या आकांताने हात हलवत होतो आणि तिकडे माझा पुतळा बसला होता.

“आई, तिला कागदावर लिहून दाखव!” मी ओरडलो.

“पाहुण्यांसमोर कागद-पेन काय काढायचं? रात्री सांगते ना मी.”

मामाने ताईकडे बघून मान डोलावली. ताईनेही हसून डोलावली. समोरचे हसले की ती मान डोलावते. ऐकणाऱ्यांच्या घोळक्यात निभावून न्यायची तिची ती रीत आहे. “चला, मुलीची पसंती आहे,” मामा म्हणाला आणि पेढ्यांचा बॉक्स उघडला.

दुकानदाराचा राग आला, आईचा आला, रजा नाकारणाऱ्या साहेबाचा आला. आणि त्या रागातच इंटरनेटवर वाचलेलं एक आठवलं: काही अडॅप्टर माहितीची छोटी पाकिटं नीट पाठवतात, मोठी गिळून टाकतात. आवाज छोट्या पाकिटांतून जातो, चित्राला मोठी लागतात. मी संगणकाला आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडली आणि घरमालकाच्या राउटरकडे चाचणीसाठी छोटं पाकीट पाठवलं. लगेच उत्तर आलं. मोठं पाठवलं, गडप. थोडं लहान केलं, तेही गडप. आणखी लहान केलं आणि उत्तर आलं. याच्याहून मोठं पाकीट पाठवायचं नाही, अशी मर्यादा संगणकात भरायची होती. घाईत आकडा दोनदा चुकला. त्यात कॉल तुटला तर मामा पुन्हा उचलेल याची खात्री नव्हती.

एंटर दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला.

चित्र परत आलं तेव्हा आई ताईला पेढा भरवत होती. ताईचं लक्ष फोनकडे गेलं, मी हलताना दिसलो आणि तिचा चेहराच बदलला. तिने आईचा हात बाजूला केला.

“सगळे खूश दिसतायत,” ती हातांनी म्हणाली. “मी कशाला हो म्हटलं?”

मी सांगितलं. शिलाई, कारखाना, त्या दोन मुली, सगळं. डोळे भरून येत होते, पण हात थांबवले नाहीत. तिने शेवटपर्यंत बघितलं. एकदा मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

“माझा हो परत घे,” ती म्हणाली. “मोठ्याने. मला नाही येत मोठ्याने.”

मी खुर्चीतून उठलो आणि वरच्या मजल्यावर घरमालकालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.