शेवटच्या स्टॉपची मेथी

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडची सिटी बस जिथे संपायची, तिथे एक मावशी मेथीच्या जुड्या घेऊन बसायची. पुढच्या नव्या कॉलन्यांतली माणसं तिथे उतरायची, जुडी घ्यायची आणि घरी चालत जायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पाणी शिंपडलं की प्रत्येक जुडीला ती हलकी थाप द्यायची.

मग बस थेट कॉलन्यांपर्यंत जाऊ लागली. तिची गिऱ्हाइकं खिडकीतून बघत पुढे निघून जायची. माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं आणि तिला मथळा वाचून दाखवला, “विकासाचा बळी!”

“बळी कोण?”

“तुम्ही, मावशी.”

“मेलेल्या बाईकडून मेथी कोण घेईल रे? खोड ते. लिही, मावशी आता नव्या शेवटच्या स्टॉपवर बसते. बसला चाकं हायेत, मला काय पाय नाय?”

मी मथळा खोडला, तिने सांगितलं ते लिहिलं आणि बसमध्ये ते पत्रक वाटलं. नव्या स्टॉपवर उतरलेली एक बाई तिला म्हणाली, “मावशी, सापडलात बाई एकदाच्या!”

जुलमाविरुद्ध मी आजही पत्रकं लिहितो. फक्त कुणाला ‘बळी’ म्हणण्याआधी त्याला विचारून घेतो.